चिखलाचा हिशेब

पॅरिस करारासाठी भारताने 2015 साली दिलेला वचननामा बहुतेकांनी आकड्यांपुरता वाचला. मी तो संहिता म्हणून वाचतो. कोणता शब्द कुठल्या भागात बसवला आहे, हे पाहत. 2030 पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषण्याचे वचन त्यात आहे, तेही 'वन व वृक्ष आच्छादना'तून. कांदळवने येतात ती किनाऱ्याच्या बचावाच्या, म्हणजे अनुकूलनाच्या भागात. लाटा अडवणारी भिंत एवढेच त्यांचे काम. 2022 च्या सुधारणेतही ही मांडणी तशीच राहिली.

कोणी म्हणेल, भारतीय वन सर्वेक्षण कांदळवने वनाच्छादनात धरतेच की! धरते, 2023 च्या अहवालात देशात सुमारे 4,992 चौरस किलोमीटर कांदळवन आहे. घोळ आहे तो खोलीचा. सर्वेक्षण मातीतला कार्बन वरच्या 30 सेंटिमीटरपर्यंत मोजते. सागाच्या रानात हे माप चालून जाईल, खाडीत नाही. भरतीच्या पाण्याने भिजलेल्या चिखलात प्राणवायू जेमतेम पोचतो, पाने-मुळे कुजायचे रेंगाळते आणि कार्बन थरावर थर साचत जातो. डोनॅटो व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हिंद-प्रशांत भागातील 25 कांदळवनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथला समृद्ध चिखल अर्ध्या मीटरपासून तीन मीटरहून अधिक खोल निघाला आणि एकूण कार्बनपैकी 49 ते 98 टक्के त्यातच होता. समुद्री गवताची गत आणखी वाईट: ते झाडच नाही, मग वनाच्या रकान्यात बसणार कसे?

मोजायची रीत नाही, ही सबब चालणार नाही. आंतरसरकारी हवामान मंडळाने पाणथळ जमिनींसाठीची पद्धत 2013 मध्येच दिली. सेशेल्ससारख्या चिमुकल्या देशाने 2021 च्या वचनात 2025 पर्यंत निम्मे आणि 2030 पर्यंत सगळे समुद्री गवत व कांदळवन राखण्याचे लिहून दिले.

आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 20 हजार कांदळझाडे तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा बातमी झाली ती झाडांच्या संख्येची. रोप काही वर्षांत उभे राहील, पण त्याखालचा चिखल साचायला शतके लागलेली असतात. 'मिष्टी' योजनेचे 540 चौरस किलोमीटरचे लक्ष्यही क्षेत्रफळातच बोलते. राष्ट्रीय वचनात चिखलाची नोंद असती, तर अशी प्रत्येक तोड खर्चाच्या बाजूला दिसली असती. माझ्या आग्रहाचे खरे कारण हेच. देशाच्या एकूण उत्सर्जनापुढे खाड्यांची शोषणक्षमता किरकोळ आहे. तिच्या आडोशाने कोळसा जाळत राहण्याची सोय कोणी शोधू नये.

भीती मला दुसरीच वाटते. चिखलाला किंमत आली की कार्बनचे व्यापारी खाडीवर उतरतील, आणि ओहोटीला कालवे काढणाऱ्या, चिंबोऱ्या धरणाऱ्या कोळणींना 'संरक्षित क्षेत्र' म्हणून कुंपणाबाहेर काढले जाईल. म्हणून चिखलाची खोली ज्या परिच्छेदात लिहायची, त्याच परिच्छेदात या बायकांच्या वहिवाटीचा हक्कही लिहिला पाहिजे. पुढच्या परिशिष्टात नव्हे.