‘सुपर कॉन्ट्रा’ : एका उत्तरखंडाचे पुनरवलोकन

उत्तरखंडाविषयी आपल्या साहित्यविचारात पूर्वापार एक संशय वसत आला आहे. रामायणाचे उत्तरकांड मूळ काव्याचे की मागाहून जोडलेले, हा वाद अभ्यासकांना परिचित आहे. हरिवंशाला महाभारताचे ‘खिल’, म्हणजे पुरवणी, मानण्याची परंपराही जुनी आहे. पूर्वकृती लोकांना आवडली म्हणून पुढची निघाली, एवढे कळताच टीकाकाराचा हात आखडता होतो. हा संशय सर्वस्वी गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कृती प्रत्यक्ष पाहिल्यावाचून तो तिच्यावर लादला, तर त्याला विवेक म्हणता येत नाही. ती नुसती सवय होते. आमच्या हातून अशी एक चूक तीस वर्षांपूर्वी घडली. तिचे परिमार्जन करावे, हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. विषय मात्र या पत्रिकेच्या वाचकांस काहीसा अनोळखी वाटेल. तो आहे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचा ‘सुपर कॉन्ट्रा’ हा व्हिडिओ गेम.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. कोनामी या जपानी कंपनीने १९८७ साली ‘कॉन्ट्रा’ हा खेळ नाणे टाकून चालणाऱ्या मोठ्या यंत्रांसाठी काढला. १९८८ साली त्याची घरगुती आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी ‘सुपर कॉन्ट्रा’ हा उत्तरखंड मोठ्या यंत्रांवर आला. या उत्तरखंडाची घरगुती आवृत्ती १९९० सालची. अमेरिकेत ती ‘सुपर सी’ या आखूड नावाने विकली गेली. आपल्याकडे हे खेळ पोहोचले ते जपानी यंत्राच्या स्वस्त नकलांमधून. कॅसेटीवर लाखो खेळांची बढाई असे आणि आत मोजकेच खेळ निघत. पण त्या मोजक्यांत ‘कॉन्ट्रा’ हमखास सापडे. खेळाची रीत सोपी आहे. आपण एक सैनिक. एका कठड्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत, गोळ्या झाडीत पुढे जायचे आणि परग्रहावरून आलेल्या शक्तीचा निःपात करायचा. शत्रूची एक गोळी लागली की एक प्राण गेला. दोघांना एकाच वेळी, एकाच पडद्यावर खेळता येते.

हुबळीस आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो, तेव्हाची गोष्ट. आठवीतल्या एका मुलाच्या दप्तरात ‘सुपर कॉन्ट्रा’ची कॅसेट सापडली. ती आम्ही काढून घेतली आणि पालकसभेत तिच्यावर एक लहानसे प्रवचनही झोडले. पहिल्या खेळाची ही शिळी पुनरावृत्ती असून तीत हिंसेवाचून दुसरे काही नाही, असा आमचा अभिप्राय होता. वस्तुतः पुतण्याच्या आग्रहाखातर पहिला ‘कॉन्ट्रा’ आम्ही काही संध्याकाळी खेळलो होतो; दुसऱ्याला हातही लावला नव्हता. वर्ष संपल्यावर कॅसेट परत करू, असे त्या मुलास सांगितले होते. परंतु त्याचे वडील रेल्वेत होते. त्यांची मध्येच बदली झाली आणि कॅसेट कपाटात राहून गेली. गेल्या वर्षी कपाट आवरताना ती हाती आली. जुने यंत्र मिळवून आमच्या मुलीसह आम्ही तो खेळ अखेर शेवटापर्यंत खेळलो. त्यास पाच रविवार लागले.

उत्तरखंडाचे मोल ठरविण्यासाठी पूर्वखंडाची घडण ध्यानी घ्यावयास हवी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती, हे आपण जाणतोच. त्या नाटकांत कथा सर्वांस ठाऊक असे. प्रेक्षक वाट पाहत तो राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकीत येणाऱ्या राक्षसाची. ‘कॉन्ट्रा’ची बांधणी याच जातीची आहे. घरगुती आवृत्तीत आठ प्रवेश असून प्रत्येकाच्या अखेरीस एक महाकाय शत्रू वाट अडवतो. तो कोठे येणार हे खेळणाऱ्यास माहीत असते, आणि माहीत असूनही छाती धडधडते. मर्ढेकरांनी सांगितलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांपैकी विरोधाची येथे विशेष चलती आहे. जंगलातील आडव्या धावेनंतर तळाच्या बंदिस्त वाटा, त्यांच्यानंतर धबधब्याची उभी चढण. त्या चढणीवर एक गडी घाईने वर गेला तर मागे राहिलेला पडद्याखाली सापडून मरतो. सोबत्याला सांभाळून चढावे, हा धडा कोणत्याही उपदेशावाचून तेथे मिळतो.

आता उत्तरखंडाकडे वळू. बाह्यतः साम्य एवढे आहे की आमचा जुना अभिप्राय कोणासही पटावा. तेच दोन वीर, तीच शस्त्रे, तेच आठ प्रवेश. पण खेळू लागल्यावर फरक हातांना कळू लागतात. सपाट कठड्यांच्या जोडीला उतार आले आहेत; त्यामुळे नेम धरण्याची रीत बदलते. पहिल्या खेळातील बंदिस्त वाटा गेल्या असून दोन प्रवेशांत रणभूमी थेट वरून दिसते. सर्वांत अर्थपूर्ण बदल आम्हांस अग्नीच्या शस्त्रात वाटला. पहिल्या खेळात ते दुबळे होते आणि जाणकार ते टाळीत. येथे बटण दाबून धरल्यास ज्वाला बळ धरते आणि सोडताच मोठा स्फोट होतो. घाई हाच ज्याचा स्थायीभाव, अशा खेळात कर्त्यांनी क्षणभर थांबण्याला मोल दिले आहे. हुबळी ही गंगूबाई हनगलांची नगरी. एकच राग दुसऱ्यांदा ऐकावयास बसणारा श्रोता नवा राग मागत नाही, हे येथे कोणास सांगावयास नको. ओळखीच्या स्वरावर गाणारा किती वेळ ठरतो, हे तो पाहतो. त्या अर्थाने ‘सुपर कॉन्ट्रा’ ही पुनरावृत्ती खरी, पण शिळी नव्हे.

दुसरा भेद प्राणांच्या हिशेबाचा. आरंभी प्रत्येकास तीनच प्राण मिळतात. पहिल्या खेळाच्या घरगुती आवृत्तीत दिशा आणि बटणे एका ठराविक क्रमाने दाबली की तीनाचे तीस होत. हा क्रम काझुहिसा हाशिमोतो या कारागिराने १९८६ साली ‘ग्रेडियस’ या दुसऱ्या खेळासाठी योजला होता. स्वतः तपासताना तो खेळ फार अवघड वाटल्यामुळे केलेली ही सोय. हाशिमोतो २०२० साली निवर्तले. त्यांचा मंत्र मात्र आमच्या शाळेतील ज्या मुलांना सातचा पाढा येत नसे त्यांनाही मुखोद्गत होता. उत्तरखंडात तो मंत्र तीस प्राण देत नाही. तेथे निराळा क्रम आहे आणि त्याने मिळतात फक्त दहा. प्रथमदर्शनी हा कंजूषपणा वाटतो. पण तीस प्राण हाती असता आमची मुलगी बेफिकीर धावत होती; दहा उरले तेव्हा ती प्रत्येक कठड्यापाशी थबकू लागली आणि आम्हांसही थांबवू लागली. प्राण कमी झाले तशी सोबत वाढली. कृतीने आपल्या रसिकाकडून किती अवधान मागावे, हा रूपाचाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर येथे पहिल्याहून सरस दिले आहे.

एवढे श्रेय दिल्यावर दोषही सांगणे प्राप्त आहे, आणि तो लहान नाही. मूळ कथेनुसार या खेपेस परग्रहावरील शक्तीने आपल्याच मित्रपक्षाचा तळ बळकावून तेथील सैनिकांना झपाटले आहे. म्हणजे समोरून धावत येतात ते आपलेच लोक. केवढी ही कल्पना! हिच्यातून शोकांतिका उभी राहू शकली असती. परंतु खेळ तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. झपाटलेला सैनिक आणि परका राक्षस एकाच गोळीने, एकाच तऱ्हेने नाहीसे होतात; एकाही सैनिकाला सोडविण्याची वाट ठेवलेली नाही. युरोपात हे खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने निघाले, तेव्हा जर्मनीतील हिंसाविषयक निर्बंधांमुळे माणसांच्या जागी यंत्रमानव घालण्यात आले आणि खेळ जसाच्या तसा चालला. मनुष्य काढून यंत्र बसविले तरी कृतीत कोठे काही खटकत नाही, याचा अर्थ मनुष्य तेथे मुळी नव्हताच. धारवाडात राहून जी. ए. कुलकर्ण्यांनी ज्या प्रवाशांच्या कथा लिहिल्या, त्यांत वाटेच्या अखेरीस जे दिसते त्याने मागची सारी वाट निराळी होऊन जाते. येथे शेवटचा राक्षस पडतो आणि मागची वाट होती तशीच राहते.

जी. एं.चे माप अशा करमणुकीला लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप कोणी घेतील. आम्हांस तो मान्य नाही. आपल्या भाषेत नाटकाच्या प्रयोगासही ‘खेळ’च म्हणतात, आणि ज्याची बांधणी गंभीरपणे तपासण्याजोगी आहे, त्याच्या आशयास मात्र सूट द्यावी, ही दया कृतीच्या सन्मानाची नव्हे. उत्तरखंडाने केवळ नवी भर घालून भागत नाही. पूर्वखंडातील एखाद्या गोष्टीचा अर्थ त्याने बदलावा लागतो. ‘सुपर कॉन्ट्रा’ने प्राणांचा अर्थ बदलला. शत्रूचा अर्थ बदलण्याची संधीही हाती आली होती. ती त्याने गमावली. म्हणून तो पहिल्याहून अधिक रेखीव, पण असावयास हवा होता तेवढा मोठा नसलेला खेळ आहे, असा आमचा आजचा अभिप्राय आहे.

पालकसभेतील अभिप्रायाचा दुसरा भाग, म्हणजे हिंसेचा, आजही बव्हंशी टिकतो, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. पण तेव्हा तो आम्ही न पाहता दिला होता. योगायोगाने निम्मा खरा ठरलेला निकाल हा न्याय नव्हे. जे आक्षेप आज घेतले, ते त्या मुलाशी समोरासमोर बोलून घेता आले असते. ‘हे सैनिक आपलेच ना रे?’ एवढे विचारले असते, तरी त्याने काही विचार करून उत्तर दिले असते. आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कॅसेट आमच्या मेजावर आहे आणि ती परत करावयाची राहिली आहे. आमच्या व्यवसायबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, मुलांच्या हातून जे काढून घ्याल ते कपाटात टाकण्यापूर्वी एकदा त्यांच्याच शेजारी बसून पाहा; नंतर हवे तर टीका करा.