आदर्श बाप शोधताना मूल कुठे हरवलं?

मागच्या वेळी आपण संशोधनाचा प्रश्न लहान कसा करायचा ते पाहिलं. या वेळी माझीच एक चूक तुमच्यापुढे ठेवतेय. पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्यांना तिचा जास्त उपयोग होईल.

माझा विषय मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतलं कुटुंब हा आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी सुरुवातीलाच एक यादी टाकली होती : ख्रिस्ती शास्त्रातले पितृत्वाचे सात धडे. प्रेम, शिस्त, क्षमा, पोषण, प्रार्थना, उदाहरण, आशीर्वाद. प्रत्येकापुढे वचनाचा क्रमांक. दिसायला एकदम झकास. गाइडनी त्या पानावर तिरकी रेघ मारली आणि समासात चार शब्द लिहिले : ‘यातली मुलं कुठे आहेत?’

दोन दिवस मला राग आला होता. तिसऱ्या दिवशी वचनं पुन्हा उघडली.

पहिलंच घ्या. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं चौथं वचन. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, प्रभूच्या शिस्तीत वाढवावं, असा त्याचा आशय. मी हे ‘शिस्त’ या धड्याखाली टाकलं होतं. भक्तिपर पुस्तिकाही बहुतेक तिथेच टाकतात. पण वाक्याचा क्रम बघा. शिस्त दुसऱ्या अर्ध्यात आहे. आधी येतो तो ‘नका’. आणि तो नकार मुलाला नाही, बापाला आहे. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद आहे ‘पारोर्गिझेते’, म्हणजे संतापाला पेटवणं. कलस्सैकरांच्या पत्रात जवळपास हेच वाक्य आहे (३:२१), पण तिथे क्रियापद वेगळं, ‘एरेथिझेते’, डिवचणं. आणि तिथे कारणही दिलंय : नाहीतर मुलांचं मन खचेल. म्हणजे वचन मुलाच्या मनात काय होतं तिथपर्यंत जाऊन थांबतं.

हे कोणत्या काळात लिहिलं गेलं तेही लक्षात घ्या. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुखाच्या सत्तेला ‘पात्रिया पोतेस्तास’ म्हणत. कायद्याच्या भाषेत ती सत्ता मुलांच्या जीविताचा निर्णय करण्यापर्यंत जायची आणि बाप जिवंत असेपर्यंत, मुलगा चाळिशीचा झाला तरी, संपायची नाही. अशा समाजात ‘मुलांनो, आज्ञा पाळा’ यात नवीन काहीच नव्हतं. नवीन होतं ते दोन ठिकाणी : एक, मुलांना थेट ‘मुलांनो’ म्हणून उद्देशलंय, दुसरं, बापाला लगाम घातलाय. माझ्या यादीत नेमक्या याच दोन गोष्टी गळाल्या होत्या. (आणखी एक बारीक गोष्ट. इथला ग्रीक शब्द ‘पातेरेस’ कधीकधी आईबाप दोघांनाही लागतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११:२३मध्ये मोशेच्या आईबापांसाठी तोच आहे. तेव्हा ‘बापांसाठी धडे’ हा मथळा देण्याआधी तिथेही जरा थांबायला हवं.)

आता कथा. यादी करणारा माणूस कथांतूनही आदर्श उचलतो, आणि इथे तर फारच फसगत होते. जुन्या करारातल्या मोठ्या माणसांपैकी बाप म्हणून पास होणारे कमीच. एली याजक मुलांना बोलतो, पण आवरत नाही. शमुवेल, जो लहानपणी एलीच्याच घरात हे सगळं बघत वाढला, त्याची मुलंही पुढे लाच खातात. याकोब एका मुलाला वेगळा झगा शिवतो आणि बाकीच्या भावांच्या मनात विष कालवतो. दावीद राजा तर या बाबतीत अभ्यास करण्यासारखा आहे. त्याचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. दावीद ऐकतो, भयंकर संतापतो, आणि करत काहीच नाही (२ शमुवेल १३:२१). हिब्रू पाठ इथे संपतो. पण जुन्या ग्रीक भाषांतरात पुढे आणखी एक वाक्य आहे : अम्नोन थोरला आणि लाडका, म्हणून दाविदानं त्याला दुखवलं नाही. मृत समुद्राजवळच्या गुहांत शमुवेलाच्या पुस्तकाचं जे हस्तलिखित सापडलं, त्यातही या वाक्याच्या खुणा आहेत. म्हणजे ‘प्रेमळ बाप’ हा धडा मी जिथून काढला असता, तिथे ते प्रेमच गुन्ह्याला पाठीशी घालतंय. आणि तामार? ती भावाच्या घरी उजाड होऊन राहिली, एवढंच कळतं. बाप तिच्याशी एक शब्द बोलल्याची नोंद नाही.

अब्राहाम आणि इसहाक घ्या, उत्पत्तीचा बाविसावा अध्याय. प्रवचनांत हा विश्वासाचा कळस असतो, आणि अब्राहामाच्या बाजूनं वाचलं तर आहेच. पण इसहाक त्या प्रसंगात एकदाच बोलतो : विस्तव आहे, लाकडं आहेत, मग कोकरू कुठंय? शेवटी १९व्या वचनात अब्राहाम चाकरांकडे परत येतो. इसहाक परत आला असं तिथे लिहिलेलं नाही. ज्यू भाष्यकारांनी या एका गाळलेल्या नावावर शतकानुशतकं विचार केलाय. मी मात्र त्या प्रसंगापुढे ‘उदाहरण’ असा शब्द लिहून पुढे गेले होते.

इथे माझं गाव मधे येतं, आणि ते मुद्दाम आणतेय. मी केळझरची. वर्धा जिल्हा, सेलू तालुका, टेकडीवर गणपतीचं देऊळ. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी आणि भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. (संशोधक म्हणून सांगायला हवं : ही स्थानिक परंपरा आहे, पुरावा नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोललाही एकचक्रा म्हणतात. असं घरी बोलू नका, जेवण मिळणार नाही.)

बाबा ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा राक्षसाचा रतीब. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी लपून राहिलेले, त्याची पाळी येते. मग भीम गाड्यावर बसून भात स्वतःच खातो, आम्ही हसायचो, गोष्ट संपायची. खर्ड्यावर रेघ पडल्यानंतर मी आदिपर्वातलं बकवधपर्व मुळातून वाचलं, तेव्हा कळलं की भीम यायच्या आधी तिथे एका घराचं लांबलचक भांडण आहे. कोणी जायचं? बाप आधी बोलतो. काही लोक म्हणतात बापाची माया मुलावर जास्त, काही म्हणतात मुलीवर. मला दोघं सारखीच, असं तो म्हणतो. बायको म्हणते मी जाते. मग मुलगी बोलते, आणि तिचा युक्तिवाद वाचून माझा पेनच थांबला : मला एक ना एक दिवस द्यायचीच आहे, मग आत्ताच द्या आणि सगळे वाचा. शेवटी बोबडं पोरगं गवताची काडी घेऊन म्हणतं, मी याने राक्षसाला मारीन.

दोन्ही ग्रंथांत बापापुढे मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. दोन्हीकडे मूल शेवटी वाचतं. फरक असा की एकचक्रेत मुलं बोलतात, आणि वाचणारा त्यांच्या बोलण्यावरून बापाला मापतो. ‘दोघं सारखीच’ हे वाक्य बापाचं म्हणून सुंदर आहे. मुलीच्या भाषणाशेजारी ठेवलं की मात्र ते अपुरं पडतं. सारखीच असती तर तिला आपण ‘देण्याची वस्तू’ आहोत हे कुणी शिकवलं? कोणता ग्रंथ श्रेष्ठ हे मी ठरवत नाहीये. एका ग्रंथानं विचारायला लावलेला प्रश्न दुसऱ्याला विचारता येतो, तुलनेचा तेवढाच उपयोग मला करायचाय.

आता माझं मुख्य साधन. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले असताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एका परदेशी मिशनऱ्यानं नवा करार दिला, हे आमच्या विदर्भाशी जोडलेलं आहे. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या काव्यातला ख्रिस्त अनेकदा माउली म्हणून येतो. ज्ञानेश्वर-तुकारामांचा शब्द त्यांनी तिकडे नेला. इथे एक फार चांगला निबंध दडलाय : पित्याचा धर्म मराठीत आला आणि आई झाला. पहिल्या खर्ड्यात मी तोच लिहिला होता, आणि तो खोटा नाही.

पण बाप्तिस्म्याच्या दिवशी टिळकांचा मुलगा दत्तू जेमतेम चार वर्षांचा होता. लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या, नातलगांच्या आधारानं राहिल्या, आणि दत्तू त्यांच्याजवळ. म्हणजे ज्या वर्षांत कवीला स्वर्गातला पिता सापडत होता, त्याच वर्षांत घरात एक मूल बापाविना वाढत होतं. टिळक निष्ठुर नव्हते. ते अतिशय मायाळू आणि अतिशय तापट होते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मायाळू असणं आणि जवळ असणं या दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या सात धड्यांत ‘जवळ असणं’ नव्हतंच.

‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातही बापापासून होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सासऱ्यांना १८५७च्या बंडानंतर फाशी झाली, त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत. धर्म मनापासून पाळणारा बाप आणि त्या पाळण्याखाली पिचणारं घर. तो हिंदू बाप होता आणि टिळक ख्रिस्ती, पण मुलीच्या लेखणीतून दोघांकडे पाहिलं की प्रश्न धर्माचा राहत नाही. बापाच्या निष्ठेची किंमत घरात कोण मोजतं, हा होतो. गंमत म्हणजे लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, हसतात. त्या हसण्याला पुरावा म्हणून कसं वापरायचं हे मला अजून नीट जमलेलं नाही.

साधनाबद्दल सावधगिरी हवीच. वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून देवदत्तांनी, म्हणजे त्याच दत्तूनं, आईला आठवणी लिहायला सांगितल्या. पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात आलं. टिळक १९१९मध्ये गेलेले. म्हणजे हा पुरावा पत्नीचा, अनेक वर्षांनंतरचा, आणि मुलाच्या मागणीवरून तयार झालेला आहे. काही जण याला साधनाचा दोष म्हणतील. मला वाटतं, मुलगा बापाला शोधायला निघाला होता ही गोष्टच या साधनातली सर्वांत मोठी माहिती आहे.

मुलाचा आवाज अजिबात न उरलेली उदाहरणंही आहेत. १८४३मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या मुलाचा खटला गाजला. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, धाकटा श्रीपत मिशनऱ्यांकडे. कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही यावर वाद पेटला, त्यात बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाप, मिशनरी, न्यायाधीश, शास्त्री, सगळ्यांची मतं मिळतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला काय वाटत होतं, ते शोधायला फार खोल जावं लागतं. आणि लक्षात घ्या, या खटल्यात ख्रिस्ती शास्त्रसुद्धा एका बाजूला नाही. बापाचा मान राखा हेही त्यातच, आणि बापावर माझ्यापेक्षा जास्त प्रीती करणारा मला योग्य नाही हेही त्यातच (मत्तय १०:३७). एकच वचन उचललं की दुसरं गप्प बसतं.

म्हणून प्रकरण आता उलट्या बाजूनं लिहितेय. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलाचा बाप माझ्या यादीत ‘क्षमा’ म्हणून होता. तो धावत जाऊन मुलाच्या गळ्यात पडतो, त्या काळच्या प्रतिष्ठित म्हाताऱ्यानं न करण्यासारखी गोष्ट करतो, हे सगळं खरं. पण थोरला मुलगा अंगणात उभा आहे. तो म्हणतो, मी इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो, बोलतो, आणि कथा तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही ते लूक सांगत नाही. मी त्या मुलाच्या जागेवरून प्रकरण सुरू केलंय. गाइडनी अजून वाचलेलं नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना बकवधपर्वातलं मुलीचं भाषण वाचून दाखवलं. नोकरी सोडून पीएचडीला बसले तेव्हापासून आमचं बोलणं मोजकंच आहे. बाबा म्हणाले, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मग बराच वेळ टेकडीकडे बघत बसले आणि विचारलं, ‘मंग त्या पोरीचं काय झालं पुढं?’

महाभारतात ते नाही. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, ‘पाहून ठेव एकदा.’