हिशेब आणि कहाणी

श्रावणात आपल्या घरी कहाण्या वाचल्या जातात आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वह्यांची पूजा होते. कहाणी ऐकताना कोणी जमाखर्च विचारीत नाही आणि वही उघडल्यावर आटपाट नगराची गोष्ट कोणी सुरू करीत नाही. दोहोंचे दिवस निराळे, दोहोंची भाषा निराळी. परंतु एखाद्या राष्ट्राला मोठा निर्णय घ्यावयाचा असतो, तेव्हा ह्या दोन्ही भाषा एकाच सभेत बोलल्या जातात. अशा वेळी ज्या पक्षाला केवळ हिशेबच मांडता येतो त्याची गत काय होते, हे पाहावयाचे असेल तर इंग्रजांनी युरोपशी असलेल्या आपल्या नात्याविषयी जो वाद केला तो वाचावा. १९५० साली तो सुरू झाला आणि २०२० साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे तब्बल सत्तर वर्षे, चालला.

'वाचावा' असे मी म्हणतो ते बुद्ध्याच. वक्तृत्व हा साहित्याचाच एक प्रकार आहे आणि ह्या वादातली मोठी भाषणे आज छापील स्वरूपात कोणालाही वाचता येतात. ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की नाही, हा तेथील लोकांचा प्रश्न. त्यात मुंबई-पुण्याच्या माणसाने न्यायाधीश होऊन बसण्याचे कारण नाही. परंतु वक्ता काय बोलला, काय गिळले आणि श्रोत्यांच्या मनात शेवटी काय उरले, एवढे विचारण्याचा अधिकार वाचकाला खचितच आहे.

प्रारंभ मोठा शुभ होता. १९४६ च्या सप्टेंबरात झुरिच येथे चर्चिल ह्यांनी युरोपच्या एकीचा पुरस्कार केला; फ्रान्स व जर्मनी ह्यांनी हातात हात घालावा असे सांगितले. मात्र ह्या नव्या घरात ब्रिटनची जागा त्यांनी हितचिंतक मित्राची ठरविली होती, घरच्या माणसाची नव्हे. लग्नाला यावे, आहेर करावा, पण वऱ्हाडात धरू नये, असाच काहीसा हा प्रकार. १९५० साली फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान ह्यांनी कोळसा व पोलाद एकत्र करण्याची योजना मांडली, तेव्हा सहा देश पुढे आले आणि ब्रिटन बाहेर राहिले. १९५७ साली रोमच्या करारावर त्याच सहांच्या सह्या झाल्या. पुढे चारच वर्षांनी, १९६१ च्या जुलैअखेर, पंतप्रधान मॅकमिलन ह्यांनी सामायिक बाजारपेठेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज करण्याचे जाहीर केले.

ह्या अर्जाच्या आधीचे एक पत्र मला साऱ्या वादाची किल्ली वाटते. १९६० च्या डिसेंबरात लॉर्ड चॅन्सलर किल्म्यूर ह्यांनी मंत्रिमंडळात युरोपचे काम पाहणाऱ्या एडवर्ड हीथ ह्यांना ते लिहिले. सार्वभौमत्वाचा काही भाग ह्यात खरोखरच सोडावा लागेल. तो अंश लहान नाही. तेव्हा ही गोष्ट आत्ताच उघडपणे लोकांपुढे मांडावी, नाहीतर विरोधक पुढे तिचाच उपयोग अधिक घातक रीतीने करतील, असा त्या पत्राचा आशय. कायदेपंडिताचे कोरडे पत्र ते. परंतु पुढील साठ वर्षांचे भविष्य त्यात आहे. सल्ला मात्र पाळला गेला नाही.

१९६२ च्या ऑक्टोबरात ब्रायटन येथे मजूर पक्षाच्या परिषदेत ह्यू गेट्स्केल बोलले. हे भाषण पुरे वाचणाऱ्याला एक गोष्ट नवल वाटायला लावते. त्याचा बराचसा भाग अटींचा आहे: शेतीचे काय, राष्ट्रकुलाच्या व्यापाराचे काय, स्वतंत्र परराष्ट्रनीतीचे काय. वक्ता अर्थशास्त्राचा जाणकार होता आणि प्रवेशाचे दार त्याने पुरते लावलेलेही नव्हते. परंतु मध्येच तो म्हणून गेला की, युरोपच्या संघराज्यात विलीन होणे म्हणजे हजार वर्षांच्या इतिहासाचा अंत. बस्स! अटी सारे विसरले. हजार वर्षे तेवढी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि चुकीची माणसे टाळ्या वाजवीत आहेत असे गेट्स्केल ह्यांच्या पत्नी म्हणाल्याचे सांगतात.

ही हजार वर्षे कोणाची, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे. इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांचे एक राज्य झाले ते १७०७ साली. म्हणजे हजार वर्षांचा इतिहास असलाच तर इंग्लंडचा, ब्रिटनचा नव्हे. शिवाय त्या हजार वर्षांत इंग्लंडच्या गादीवर नॉर्मंडीचे, हॉलंडचे, हॅनोवरचे राजे बसून गेले. पण कहाणीला सनावळी विचारायची नसते. त्याच भाषणात गेट्स्केल ह्यांनी महायुद्धात राष्ट्रकुलाच्या सैनिकांनी रक्त सांडले त्या रणभूमींची आठवण दिली. श्रोत्यांना आपण कोण, हे त्यांनी सांगितले. बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांनी आपल्याला काय मिळेल, एवढेच सांगितले होते.

तूर्त वाद मिटविला तो द गॉल ह्यांनी. १९६३ च्या जानेवारीत त्यांनी ब्रिटनला नकार दिला. त्यानंतर चारच दिवसांनी गेट्स्केल वारले. १९६७ साली द गॉल ह्यांनी दुसऱ्यांदा दार लावले. शेवटी १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आत गेले ते हीथ ह्यांच्या हाताला धरून.

ह्या हीथ ह्यांच्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण ह्या वादातली खरी शोकांतिका त्यांची आहे. विद्यार्थिदशेत, १९३७ साली, त्यांनी न्युरेंबर्ग येथील नाझींचा मेळावा डोळ्यांनी पाहिला होता. पुढे युद्धात ते तोफखान्यात लढले. युद्ध संपल्यावर १९४६ साली पुन्हा त्याच गावी जाऊन नाझी पुढाऱ्यांवरील खटल्याचे काम त्यांनी पाहिले. युरोपने पुन्हा असे मरू नये, ही तळमळ त्यांच्या राजकारणाच्या मुळाशी होती. २८ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री पार्लमेंटने ३५६ विरुद्ध २४४ मतांनी प्रवेशाचे तत्त्व मान्य केले, तेव्हा हा माणूस घरी जाऊन बाखची एक रचना वाजवीत बसला. बाख जर्मन! ह्याहून बोलकी कहाणी कोणती? परंतु देशापुढे त्यांच्या सरकारने ठेवली ती प्रामुख्याने बाजारपेठेची वही: उद्योगांना किती गिऱ्हाइके मिळतील, लोणी किती महागेल, राहणीमान किती वाढेल. १९७१ च्या सरकारी निवेदनात तर मूलभूत राष्ट्रीय सार्वभौमत्वाला धक्का लागण्याचा प्रश्नच नाही, असे लिहिले गेले. किल्म्यूर ह्यांचे पत्र ज्याला आले होते, त्याच्याच सरकारचे हे निवेदन!

१९७५ च्या जूनमध्ये सार्वमत झाले. त्याच्या दोन दिवस आधी ऑक्सफर्ड युनियनमध्ये झालेला वाद दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिला. राहण्याच्या बाजूने हीथ व लिबरल पक्षाचे थॉर्प. विरोधात मजूर मंत्री पीटर शोर व बार्बरा कॅसल. कॅसलबाईंना थॉर्प ह्यांनी विचारले, निकाल तुमच्याविरुद्ध लागला तर मंत्रिपद सोडाल काय? बाई म्हणाल्या, तसे झाले तर देशाला माझी अधिकच गरज भासेल. सभा खो खो हसली. परंतु शोर ह्यांचे भाषण आजही धारदार वाटते. तुम्ही आम्हांला भीती दाखवता आहात, आपले राष्ट्र संपले असे आमच्याच तोंडून वदवून घेता आहात, हा त्यांचा आरोप. त्या आरोपाला आकड्यांखेरीज भक्कम उत्तर कोणी दिले नाही. सभेतले मत शोर ह्यांच्या विरुद्ध गेले आणि देशातही ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. महागाई त्या वर्षी २० टक्क्यांच्या वर गेली होती. घाबरलेल्या घराने वहीचे ऐकले. पण वहीवर मिळविलेली संमती वहीतले आकडे फिरेपर्यंतच टिकावयाची, एवढे त्या विजयात कोणाला दिसले नाही.

त्या प्रचारात युरोपीय देशांच्या निशाणांचा स्वेटर घालून मिरवणाऱ्या मार्गारेट थॅचर होत्या. १९८८ च्या सप्टेंबरात ब्रूज येथे त्यांनी जे भाषण केले ते विरोधकांचे पवित्र वचन होऊन बसले. आम्ही घरी सरकारचा पसारा आवरला तो युरोपच्या पातळीवर पुन्हा वाढवून घेण्यासाठी नव्हे, हे त्यातले वाक्य सर्वांना पाठ. परंतु ब्रिटनला युरोपच्या कडेला एकटे राहण्याची स्वप्ने पडत नाहीत, आमचे भवितव्य युरोपातच आहे, हेही त्याच भाषणात आहे. ते वाक्य कोणी उचलले नाही. त्याच महिन्यात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष देलोर ह्यांनी बोर्नमथ येथे कामगार संघटनांच्या परिषदेत भाषण करून तेथील मने जिंकली. आणि मग गंमत अशी झाली की, हुजूर पक्ष व मजूर पक्ष ह्यांनी जागाच बदलल्या. हजार वर्षांची कहाणी मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाकडे गेली, आणि वही मजूर पक्षाच्या गळ्यात पडली.

ह्या वादातले वाङ्मय म्हणून सर्वांत सरस भाषण सर जेफ्री हौ ह्यांचे, ह्यात मला शंका नाही. थॅचरबाईंच्या १९७९ च्या पहिल्या मंत्रिमंडळातील हा शेवटचा शिलेदार. आवाज मऊ, इतका की, ह्यांनी हल्ला करणे म्हणजे मेलेल्या मेंढीने चावणे, अशी थट्टा डेनिस हीली ह्यांनी पूर्वी केली होती. १ नोव्हेंबर १९९० रोजी हौ ह्यांनी राजीनामा दिला. १२ तारखेला रात्री एका मेजवानीत बाईंनी क्रिकेटचा आधार घेतला: गोलंदाजी कडवी असली तरी मी अजून खेळपट्टीवर उभी आहे, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हौ पार्लमेंटमध्ये उठले आणि शांतपणे त्यांनी तीच उपमा परत केली: सलामीचे फलंदाज मैदानात पाठवावे आणि पहिले चेंडू पडताच त्यांना आढळावे की, सामन्याआधी संघाच्या कर्णधारानेच आपल्या बॅटी मोडून ठेवल्या आहेत! शिवाजी पार्कवरच्या पोरालाही कळेल असा हा घाव. नवव्या दिवशी बाईंनी पद सोडण्याचे जाहीर केले.

परंतु बारकाईने पाहा. ह्या भाषणाने पंतप्रधान गेल्या. युरोप मात्र आला नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती कर्णधाराची लबाडी. ज्या सामन्यासाठी बॅटी हव्या होत्या तो सामना खेळण्याजोगा का होता, हे कोणाला आठवत नाही. पुढे १९९३ साली जॉन मेजर ह्यांनी, युरोपात राहूनही ब्रिटन ब्रिटनच राहील असे पटवून देताना, क्रिकेटच्या मैदानावरील लांब सावल्या, कोमट बिअर, सायकलवरून चर्चला जाणाऱ्या वृद्ध कुमारिका असे चित्र रंगविले. युरोपवाल्यांच्या बाजूने कहाणी सांगण्याचा तो एक मनापासूनचा प्रयत्न. पण तीत युरोप कोठे आहे? सारे चित्र इंग्लंडचे. स्कॉटलंडसुद्धा त्यात नाही.

२३ जून २०१६ रोजी दुसरे सार्वमत झाले. बाहेर पडू इच्छिणाऱ्यांची घोषणा तीनच इंग्रजी शब्दांची होती. आपल्या भाषेत 'सूत्रे परत घ्या' अशी. ह्यातला 'परत' हा शब्द पाहा. पूर्वी आपले होते, कोणी नेले, आता आणू: आरंभ, मध्य, शेवट, सारी कहाणी त्या एका शब्दात बसली आहे. समोरून उत्तर आले ते अर्थखात्याचे: बाहेर पडल्यास २०३० पर्यंत दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा तोटा. ह्या आकड्यावर कोणी रडले नाही की हसले नाही. कहाणीवालेही हिशेबाच्या बाबतीत सोवळे नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, असे बसवर रंगवून ते गावोगाव फिरले. ब्रिटनला मिळणारी सूट व परत येणारी रक्कम त्यातून वजाच केली नव्हती. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा ठरविला. मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स ह्या तरुण खासदार बाईंचा खून झाला. शब्दांचा खेळ शब्दांपुरता राहत नाही, हे त्या दिवशी देशाला कळले.

निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. ह्या मतदानाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना मत होते. म्हणून भारताचा पासपोर्ट बाळगून लंडनात नोकरी करणारा पुणेकर मत देऊ शकला. वीस वर्षे शेजारी राहिलेल्या फ्रेंच माणसाला मात्र मत नव्हते. गेट्स्केल ह्यांची जुनी राष्ट्रकुलाची कहाणी मतदारयादीत अशी शाबूत राहिली होती. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले.

मग कहाणीने हिशेबावर मात केली, एवढेच काय ह्याचे तात्पर्य? मला तसे वाटत नाही. स्कॉटलंडने ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली, उत्तर आयर्लंडनेही बहुमताने तोच कौल दिला. म्हणजे त्याच राज्यात दुसऱ्या कहाण्याही नांदत होत्या. युरोपच्या पुरस्कर्त्यांजवळही ती होती: न्युरेंबर्गच्या मैदानात उभ्या असलेल्या एकवीस वर्षांच्या पोराची. ती सांगायची म्हणजे तिची किंमतही सांगावी लागली असती. घरातला थोडा अधिकार सोडावा लागेल, आणि तो का सोडावा, हे बोलावे लागले असते. ते बोलणे टळावे म्हणून त्यांनी वही पुढे केली. सत्तर वर्षांची ही भाषणे वाचून मी पुन्हा किल्म्यूर ह्यांच्या पत्राशी येतो. काय जाणार ते आधी सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तसे सांगितले असते तर कौल कदाचित १९७५ सालीच उलटा लागला असता. पण जो लागला असता, तो लोकांनी समजून दिलेला असता.