मुर्जिया
मुर्जिया : प्रारंभिक इस्लाममधील एक धर्मशास्त्रीय विचारप्रवाह. ‘इर्जा’ (लांबणीवर टाकणे) या अरबी शब्दावरून हे नाव पडले. महापाप करणाऱ्या मुसलमानाचा अंतिम निवाडा माणसांनी करू नये, तो ईश्वरावर सोपवावा, ही त्याची मूळ भूमिका होय. ईश्वरी निर्णयाची वाट पाहणाऱ्या लोकांचा कुराणातील उल्लेख (९ : १०६) तिला आधारभूत मानला जातो.

वादाचा उगम राजकीय होता. तिसरे खलीफा उस्मान यांचा वध (६५६) आणि अली व मुआविया यांच्यातील सिफ्फीनची लढाई (६५७) यांमुळे मुसलमानांनीच मुसलमानांचे रक्त सांडले. लवाद मान्य केल्याबद्दल अलींना सोडून गेलेल्या खारिजींनी महापापी हा काफिरच होय, असे ठरविले. त्यांतील अझ्रकी गटाने या मताची परिसीमा गाठली. इबादींनी मात्र अशा पाप्यास अनेकेश्वरवादी न म्हणता कृतघ्न म्हटले. बसऱ्याच्या वासिल इब्न अता (मृ. ७४८) याने पाप्याला श्रद्धावान व काफिर यांच्या मधली अवस्था दिली आणि ते मुताझिला पंथाचे एक तत्त्व बनले.

कृतीला श्रद्धेबाहेर (ईमानाबाहेर) ठेवून मुर्जियांनी उमय्या राजवटीच्या दुराचारावर पांघरूण घातले, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो अपुरा आहे. श्रद्धावान कोण, हा प्रश्न खोरासान व त्यापलीकडील प्रदेशांत करवसुलीचाही होता. सु. ७२८ मध्ये तेथील सुभेदार अश्रस याने धर्मांतरितांना जिझियातून सूट देऊ केली. पण महसूल घटताच सुंता, नित्यकर्मे व कुराणपठण यांची परीक्षा लावली आणि अखेर कर पूर्ववत वसूल केला. या अन्यायाचा निषेध करणाऱ्यांत मुर्जिया कवी साबित कुतना होता व त्याला तुरुंगवास घडला. पुढे हारिस इब्न सुरैज याने केलेल्या उठावातही (७३४) मुर्जियांचा भाग होता. शहादा उच्चारणारा नवमुसलमान पूर्ण मुसलमान होय, हा सिद्धांत येथे सत्तेची पाठराखण करीत नव्हता, तर तिच्याकडे हक्क मागत होता.

मताची सर्वांत सुबोध मांडणी अबू हनीफा (सु. ६९९–७६७) यांनी उस्मान अल्‌-बत्ती यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. प्रेषितांनी लोकांना प्रथम श्रद्धेकडे बोलाविले, कर्तव्ये मागाहून आली. तेव्हा कर्तव्यात चुकणारा श्रद्धेला मुकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मुर्जिया हे विरोधकांनी दिलेले नाव त्यांनी नाकारले, तरीही अल्‌-अश्‌अरी (मृ. सु. ९३५) यांनी त्यांची गणना मुर्जियांतच केली. या प्रवाहाची बरीचशी माहिती अशा प्रतिपक्षीयांच्या पंथवर्णनांतून येते, हे ती वाचताना विसरता कामा नये.

सिद्धांतातील खरी अडचण निराळी आहे. श्रद्धा कमीअधिक होत नसेल, तर साधुपुरुष व दुराचारी यांची श्रद्धा एकाच मोलाची ठरते. हनफी परंपरेने, विशेषतः समरकंदच्या अल्‌-मातुरीदी (मृ. ९४४) यांच्या संप्रदायाने, श्रद्धा अभंग मानली आणि भेद कर्माच्या व पुण्याच्या पातळीवर नेला. हदीसवाद्यांना हे पटले नाही. त्यांच्या मते श्रद्धा आज्ञापालनाने वाढते व पापाने घटते. मात्र पापामुळे मुसलमान धर्मबाह्य होत नाही आणि शिक्षा झाली, तरी ती चिरंतन नसते, हा मुर्जियांना अनुकूल निष्कर्ष सुन्नी पंथात सर्वमान्य झाला. मुर्जिया हा शब्द मात्र निंदावाचकच राहिला.