पाणवठ्याची कसोटी

'संस्कृती' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तो याच अर्थाने यादवकाळापासून चालत आला असावा असे कोणालाही वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. आज ज्या व्यापक अर्थाने आपण तो घेतो तो अर्थ, इंग्रजी 'कल्चर'ला प्रतिशब्द हवा होता म्हणून, त्याला अलीकडे चिकटला. बंगालीत त्यासाठी 'कृष्टी' हा शब्द रूढ होऊ पाहत होता, आणि रवींद्रनाथांना तो मुळीच आवडत नसे. १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून आपण 'संस्कृती' हा शब्द ऐकला आणि पुढे रवींद्रनाथांनी तो पसंत केला, अशी आठवण भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय सांगत. बंगालीतून उचललेल्या कादंबऱ्यांची आपल्याकडील संख्या पाहता, निदान हा एक शब्द आपण परत केला एवढे समाधान मराठी माणसाने मानायला हरकत नाही.

शब्द मात्र जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात तो शिल्पांच्या संदर्भात येतो. शिल्पे म्हणजे आत्म्याची संस्कृती, आणि यजमान त्यांच्या योगे स्वतःला घडवतो, असा तेथील आशय आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, तेथे संस्कृती ही कोणाच्या मालकीची वस्तू नव्हे. ती करणाऱ्याने स्वतःवर करावयाची क्रिया आहे. आपण त्या क्रियेचे नाम केले, आणि नामाची पुढे मालमत्ता झाली. आपण संस्कृती 'जपतो', तिला 'ठेवा' म्हणतो, तिच्यावर 'आक्रमण' होईल म्हणून धास्तावतो. ही सगळी भाषा तिजोरीची आहे.

मराठीत या विषयावर जे लिहिले गेले त्यातली दोन पुस्तके मी पुन्हा काढून वाचली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे 'वैदिक संस्कृतीचा विकास' हे १९५१ चे. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार १९५५ साली याच ग्रंथाला मिळाला. माणूस बाह्य विश्वावर आणि स्वतःवर जो संस्कार करतो तो शास्त्रीबोवांच्या व्याख्येत मध्यभागी आहे. म्हणजे क्रियेची बाजू त्यांनी सोडलेली नाही. हा माणूस बोलल्याप्रमाणे वागलाही. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला तेव्हा पौरोहित्य वाईच्या याच शास्त्र्याने केले. तरीही त्या ग्रंथात विकासाचा जो प्रशस्त रस्ता दिसतो, त्यावर समाज नेहमी विचारांच्या मागोमाग चालत आल्यासारखा वाटतो. माझी शंका अशी आहे की, आपल्याकडे विचार पुढे गेला आणि समाज बऱ्याच वेळा वेशीवरच थांबला.

दुसरे पुस्तक साने गुरुजींचे 'भारतीय संस्कृती'. त्याची सुरुवातच अद्वैताच्या अधिष्ठानापासून होते. गुरुजींच्या शैलीवर भाबडेपणाचा आरोप नेहमी होतो, आणि तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण माझा आक्षेप भाबडेपणावर नाही. त्यांच्या वाक्यांत 'भारतीय संस्कृती' हीच पुष्कळदा कर्ता असते. ती शिकवते, ती सांगते, ती सर्वांना कवेत घेते. समाज कर्ता झाला की मात्र गुरुजींचा स्वर बदलतो, कारण मग रूढींवर कोरडे ओढावे लागतात. जणू उदार आई एका खोलीत आणि तिची लेकरे दुसऱ्या खोलीत! लेकरांच्या वागणुकीवरून आईची परीक्षा करू नये, अशी ही सोय आहे. लेखक म्हणून गुरुजींना ती सोय वाटली असेल. माणूस म्हणून त्यांनी ती स्वीकारली नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले, आणि मंदिर उघडले. अद्वैतावर पुस्तक लिहिणाऱ्याला दार उघडून घेण्यासाठी अन्न सोडावे लागले. त्या पुस्तकावरची सर्वांत कठोर टीका कोणी केली असेल तर ती या उपोषणाने केली, असे मला वाटते.

पंढरपूरच्याही आधी महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तदनुसार ठराव केला. कागदावर सर्व काही सुसंस्कृत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा कागदाची परीक्षा झाली. जमावाने त्यांना मारहाण केली. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य घालून तळे 'शुद्ध' करण्यात आले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत, तेथे माणसाच्या ओंजळीने विटाळ झाला.

या प्रकरणाचा उत्तरार्ध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. वाद न्यायालयात गेला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की, ही वहिवाट इतकी प्राचीन असल्याचे सिद्ध झालेले नाही. मला या निकालातली कायद्याची बाजू जितकी महत्त्वाची वाटते तितकीच एक वाङ्मयीन गंमतही वाटते. 'आमची हजारो वर्षांची संस्कृती' हे वाक्य व्यासपीठावर टाळ्या घेते. साक्षीपुराव्यापुढे उभे केले तेव्हा त्याला आपले वय सांगता आले नाही.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही संस्कृतीची काळी बाजू तेवढी दाखवता. तसे मुळीच नाही. मिरजेला जाऊन पाहा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घराणी तेथे वाद्ये घडवू लागली. भीमेकाठचे भोपळे आणायचे, वाळवायचे, पोटात काही नाही असे करून त्यांना बोलते करायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या तंबोऱ्याला मान देणारे कान त्याआधी कितीतरी वर्षे होते. तेथेच अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाण्याच्या बैठका होतात. मुसलमान उस्तादाने रामभाऊ कुंदगोळकरांना घडवले, त्यांचे सवाई गंधर्व झाले, त्यांनी भीमसेन जोशींना घडवले. या साखळीत कोणी कोणाला संस्कृतीचे व्याख्यान दिले नसेल. पहाटे उठून खर्ज लावायचा आणि चुकले तर बोलणी खायची. ऐतरेय ब्राह्मणाला अभिप्रेत असलेली क्रिया हीच असावी.

पण मग मला इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' आठवतो. बाई वारीत चालल्या. दिवसभर सगळे एकत्र चालतात, एकाच अभंगाला एकच ताल धरतात. मुक्कामाला ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती मात्र वेगळ्या. बाईंना ते खुपले, आणि ज्या सरळपणाने त्यांनी ते लिहिले त्याला तोड नाही. त्यांनी वारीची महती जराही कमी केली नाही आणि वेगळी चूलही झाकली नाही. वारीवर आज सचित्र पुस्तके निघतात, त्यांतून नेमकी ती चूल गळालेली असते. गाण्यात एक आणि जेवणात वेगळे, हा आपला दांभिकपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, तो दांभिकपणा नाही. गाणारा खरोखरच गातो. पण जे गायले ते चुलीपर्यंत न्यावे लागते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. हाताने मैला साफ करवून घेण्यावर १९९३ आणि पुन्हा २०१३ साली बंदी आली. गटारात मेलेल्या माणसाच्या वारसांना दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, २०२३ साली तीस लाख केले. रक्कम वाढवावी लागली, यातच सर्व आले.

आता माझ्याविषयी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या आनंदात एका गृहसंकुलाने माझे व्याख्यान ठेवले होते. विषय अर्थातच 'आपली संस्कृती'. खाली लिफ्टपाशी एक पाटी होती : 'घरकाम करणाऱ्या बायका व सामान पोचवणारे यांनी मागची लिफ्ट वापरावी.' शुद्धलेखन निर्दोष होते. मी ती वाचली, पुढच्या लिफ्टने वर गेलो आणि पाऊण तास बोललो. महाड आले, वारी आली, इरावतीबाईंची चूलही आली. पाटी आली नाही. आभार मानणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की, व्याख्यान फार विचारप्रवर्तक झाले. चहा घेऊन जी बाई आली ती जिना चढून आली होती, कारण मागची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. तिला धाप लागली होती, हे माझ्या लक्षात आले; आणि मी साखर कमी आहे का, एवढेच विचारले.

यंदाही तेथून निमंत्रण आले आहे. विषय आहे 'संतांची समतादृष्टी'. मी अजून होकार कळवलेला नाही. पाटी काढली का, हे आधी विचारायचे आहे, आणि ते फोनवर कोणत्या शब्दांत विचारावे हे मला अद्याप सुचलेले नाही.