झोल्तान कोदाय : लहानांसाठी लिहिणारा मोठा संगीतकार

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांचे नाव आज जगभर घेतले जाते ते मुख्यत्वे एका शिक्षणपद्धतीमुळे. या कीर्तीचा एक दुष्परिणाम असा झाला, की पद्धतीच्या छायेत रचनाकार झाकोळला गेला. मैफलींचे रसिक त्यांच्या मोजक्या भव्य रचना ऐकतात, शिक्षक त्यांच्या स्वरपाठांचा अभ्यास करतात, आणि हा एकाच माणसाचा एकच ध्यास होता, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. कोदाय यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हे दुभंगलेले चित्र प्रथम सांधावे लागते. गायनाच्या उपासनेवर ज्यांची श्रद्धा आहे अशा आपल्या ख्रिस्ती समाजाला तर त्याचे विशेष अगत्य असावे.

कोदाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी केचकेमेत या गावी झाला. वडील रेल्वेच्या नोकरीत होते आणि हौसेने वाद्य वाजवीत. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण गालांतासारख्या लहान गावात गेले. तेथे बरोबरीच्या शेतकऱ्यांच्या मुलांची गाणी त्यांच्या कानांवर पडली. पुढे त्र्नावा येथे शिकत असताना ते महामंदिराच्या गायकवृंदात गायले. खेड्यातील लोकगीत आणि मंदिरातील उपासनागीत हे दोन संस्कार त्यांच्या संगीताला आयुष्यभर पुरले. १९०५पासून ते खेडोपाडी हिंडून लोकगीते गोळा करू लागले आणि १९०६ साली हंगेरियन लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी बेला बारतोक यांच्यासह त्यांनी वीस लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि १९०७पासून ते बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकवू लागले.

१९१९च्या क्रांतीच्या काळात अकादमीत पद स्वीकारल्याबद्दल नंतरच्या राजवटीत त्यांना निलंबित व्हावे लागले. महायुद्धातील पराभवानंतर देशाचेही तुकडे झाले होते. या वैयक्तिक आणि राष्ट्रीय दुःखातून १९२३ साली 'साल्मुस हुंगारिकुस' ही रचना जन्मली. निमित्त होते बुडा आणि पेस्ट ही शहरे एक झाल्याच्या पन्नासाव्या वर्षाचे. अशा सोहळ्यासाठी जयघोषाचे गीत निवडणे सोपे होते. कोदाय यांनी निवडले ते पंचावन्नावे स्तोत्र : जवळच्या मित्राने विश्वासघात केलेल्या माणसाचा आक्रोश. त्याचे सोळाव्या शतकातील हंगेरियन पद्यरूप मिहाय वेग या प्रॉटेस्टंट कवीचे होते. एका कॅथलिक संगीतकाराने त्याला स्वर दिले आणि ते साऱ्या राष्ट्राचे झाले. एकट्या गायकाच्या वेदनेला समूह पुनःपुन्हा उत्तर देतो, ही तिची रचनाच मुळी प्रार्थनेची आहे.

या यशानंतर कोणीही याहून मोठी रचना हाती घेतली असती. कोदाय वळले ते मुलांच्या गाण्याकडे. १९२५ साली त्यांनी मुलांच्या गायकवृंदासाठी पहिल्या रचना केल्या. १९२९ साली बालगायकवृंदांवरील लेखात तर त्यांनी असे मत मांडले, की लहानशा गावातील गायनशिक्षक ऑपेरागृहाच्या संचालकापेक्षा अधिक महत्त्वाचा, कारण वाईट संचालक एखाद्या हंगामापुरता अपयशी ठरतो, वाईट शिक्षक मात्र मुलांच्या कित्येक पिढ्यांतील संगीताची आवड मारून टाकतो. १९३७ ते १९४२ या काळात 'बिचिनिया हुंगारिका' या नावाने त्यांची दोन आवाजांतील १८० लहान गीते चार भागांत आली. १९४१ साली 'शुद्ध गाऊ या' हा दोन आवाजांचा पाठसंग्रह आला.

या छोट्या पाठांची थोरवी नीट समजून घेतली पाहिजे. गायकवृंदाला सूर शिकवताना पियानो वाजवण्याची सवय कोदाय यांना घातक वाटे. पियानोचे स्वर सोयीसाठी किंचित हलवलेले असतात. त्यांच्या आधाराने गाणारे मूल वाद्याची नक्कल करते, स्वतः ऐकत नाही. दोन मुले दोन वेगळ्या ओळी गाऊ लागली, की प्रत्येकाला दुसऱ्याचा आवाज तोलत आपला स्वर शोधावा लागतो. आपल्याकडेही हीच चिंता होती. १९४० साली भारतीय नभोवाणीने हार्मोनियम वर्ज्य केला, त्यामागील एक प्रमुख आक्षेप त्याच्या ठरीव स्वरांवरच होता. कोदाय यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी आक्षेप घेऊन न थांबता पर्याय रचून दिला. त्यांच्या दोनचार ओळींच्या पाठांतही सुरेल चाल असते, उत्तर-प्रत्युत्तर असते, शेवट समाधानाचा असतो. मुलांना उष्टे-पाष्टे वाढायचे नाही, हा त्यांचा नेम होता.

पद्धतीची सामग्री त्यांनी अनेक ठिकाणांहून घेतली. अकराव्या शतकातील संन्यासी ग्वीदो यांनी संत योहान बाप्तिस्ताच्या स्तोत्रातील ओळींच्या आरंभीच्या अक्षरांवरून स्वरांना नावे दिली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी त्यांना नवे रूप दिले, आणि हातांच्या खुणाही कर्वेन यांच्याच. या पद्धतीत 'दो' कोणत्याही उंचीवर धरता येतो. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण आपला षड्जही गायकाच्या गळ्यानुसार सरकतो.

कोदाय यांचे काम शाळेपुरते राहिले नाही, याचे श्रेय त्यांच्या शिष्यांना आहे. लायोश बार्दोश (१८९९–१९८६) हे त्यांपैकी अग्रणी. गायकवृंदांचे संचालन, रचना आणि अध्यापन या तिन्ही वाटा त्यांनी एकत्र आणल्या. १९३१ साली सहकाऱ्यांसह त्यांनी समूहगायनाच्या रचना छापणारी 'माद्यार कोरूश' ही प्रकाशनसंस्था काढली. तिच्यामुळे लहान धर्मग्रामांच्या हातीही चांगले उपासनासंगीत आले. कम्युनिस्ट राजवटीत १९५० साली ती बंद पडली. त्याच वर्षी केचकेमेतला रोज गायन शिकवणारी पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली. शाळेत स्वर फुलत होते आणि चर्चच्या वहीवर बंधन येत होते, ही त्या काळाची विसंगती होय. कोदाय यांनी स्वतः मात्र चर्चसाठी लिहिणे सोडले नव्हते. बुडापेस्टला वेढा पडला असता ११ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांची 'मिस्सा ब्रेव्हिस' ऑपेरागृहाच्या कोट ठेवण्याच्या दालनात प्रथम गायली गेली. साथीला ऑर्गनऐवजी हार्मोनियमसारखे लहान वाद्य होते. आरंभीच्या दयेच्या याचनेचे सूर शेवटी शांतीच्या याचनेत परत येतात, तेव्हा ही रचना कोणत्या दिवसांत लिहिली गेली ते वेगळे सांगावे लागत नाही.

कोदाय यांच्या विचारांना मर्यादाही आहेत. शहरी मनोरंजनाच्या गाण्यांविषयी त्यांची भूमिका कठोर होती. जी गाणी लोकांच्या सुखदुःखात मिसळली आहेत, ती केवळ हलकी म्हणून टाकून देता येत नाहीत. दुसरे असे, की ही पद्धती रोजच्या तासाची आणि तयारीच्या शिक्षकाची मागणी करते. आठवड्याला एक तास हातांच्या खुणा शिकवल्या, तर ती कवायत होते, संगीत होत नाही. २०१६ साली युनेस्कोने लोकसंगीत जपण्याच्या आदर्श रीतींमध्ये कोदाय यांच्या विचाराचा समावेश केला. तो गौरव त्यातील लोकगीताच्या प्राणाचा आहे, हे विसरून चालणार नाही.

येथे आपल्या धर्मग्रामांचा प्रश्न पुढे येतो. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकांच्या धार्मिक गायनाला उत्तेजन द्यायला सांगितले आणि मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्याचा आग्रह धरला. पवित्र संगीताविषयीची सूचना ५ मार्च १९६७ रोजी निघाली आणि तिने संपूर्ण जनसमुदायाच्या गायनाला महत्त्व दिले. दुसऱ्याच दिवशी, ६ मार्चला, कोदाय निवर्तले. भाविकांनी ऐकावे की गावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवले होते.

आपल्याकडे मराठी गीते पुष्कळ झाली. पण अनेक मिस्सांत कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपकाच्या जवळ बसलेले दहा-बारा जण गातात आणि उरलेले मंदिर ऐकते. वसईच्या सामवेदी आणि वाडवळ बोलींतील लग्नगीतांत एका बाईने ओळ टाकायची आणि मांडवातल्या साऱ्यांनी ती उचलायची, ही समूहगायनाची जिवंत शाळाच होती. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांनी पोर्तुगीज काळात मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवले, आणि त्या परंपरेतले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतापर्यंत पोचले. म्हणजे बीज आपल्याच मातीत आहे. सरगम आहे, लोकगीत आहे. उणीव आहे ती मुलांना रोज, वाद्याविना, एकमेकांचे ऐकत गायला लावणाऱ्या शिक्षकाची, आणि त्याला धर्मग्रामात मानाचे स्थान देणाऱ्या दृष्टीची. हंगेरीतील या थोर संगीतकाराने आपली प्रतिभा अशा शिक्षकाच्या हाती देण्यात कमीपणा मानला नाही. त्याच्या कार्याची खरी समीक्षा आपल्या पुढील पिढीच्या गळ्यांतूनच होईल.