जाहिरातीतील लुप्त कर्ता

‘परदेशी इंग्रजी शिकविण्याची संधी. अनुभवाची अट नाही. व्हिसाची हमी.’ काळेवाडीसारख्या कामगारवस्तीत पदवीधर तरुणतरुणींपुढे येणाऱ्या जाहिरातींचा साचा साधारणतः असा असतो. त्यात अट नाकारणारे तेवढे एक क्रियापद आहे. संधी व हमी यांना क्रियापदच नाही, आणि म्हणून कर्ताही नाही. संधी कोण देणार, हमी कोणाची, हे वाक्यरचनेतूनच वगळले गेले आहे. जागेच्या काटकसरीसाठी शब्द गाळणे क्षम्य होय. परंतु परदेशी भरती करणाऱ्यास 1983 च्या उत्प्रवास अधिनियमान्वये नोंदणी आवश्यक असताना नोंदणी क्रमांकच गाळणे ही काटकसर नव्हे.

याहून गंभीर दोष ‘शिक्षक’ या पदाचा. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-2 व्हिसा इंग्रजीपुरता सामान्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांसच मिळतो. ‘मातृभाषिक’ ही संज्ञा येथे भाषेची न राहता पारपत्राची होते. भाषाशास्त्राला हा अर्थ मान्य होण्याजोगा नाही, पण व्हिसा त्यावरच ठरतो. 1 जानेवारी 2010 पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया करारान्वये भारतीयांस वाट मोकळी झाली खरी. मात्र ती शाळेतील साहाय्यक अध्यापकाची, तीही शिक्षकी पात्रता असणाऱ्यांपुरती. जाहिरातीतून ‘साहाय्यक’ हे विशेषण गळते, पात्रताही गळते, आणि दागिने मोडून शुल्क भरणाऱ्या कुटुंबास हा लोप उशिरा कळतो. अनुभवाची अट कदाचित नसेलही. नागरिकत्वाची आहे, आणि ती छापण्यास एक ओळ पुरली असती.